दस्तीखालचा सौदा

जन्म आणि मरण या दोन गोष्टी परमेश्वराच्या हातातल्या आहेत आणि घाटूळांच्या घराण्यात माणसानं त्यात आजवर कधी हात घातलेला नाही. हे वाक्य रामप्रसादनं जालन्यातल्या त्या हॉस्पिटलच्या दुसऱ्या मजल्यावर छातीवर हात ठेवून उच्चारलं. दुसऱ्या हातात फोन होता. आयसीयूतली खिडकीजवळची खाट त्याच्या वडिलांसाठी, काकासाहेबांसाठी, राखून ठेवायला हॉस्पिटलला सांगतो, असं एका पुढाऱ्याचा पीए फोनवर कबूल करत होता. परमेश्वराला मधे फारशी जागा उरली नव्हती.

त्याची बायको शीतल बाकावर बसून होती, मांडीवर थर्मास. तिनं ते वाक्य ऐकलं आणि थर्मासचं झाकण घट्ट केलं. ते आधीच घट्ट होतं.

काकासाहेब पडले ते बैलापायी. तीर्थपुरीच्या बाजारात मंठ्याच्या एका गिऱ्हाइकाला त्यांच्या पांढऱ्या बैलाच्या मागच्या उजव्या पायाबद्दल शंका आली. बैल लंगडतो, असं तो चारचौघांत म्हणाला. उभा जन्म बैल पारखण्यात घातलेल्या माणसाला हे ऐकवणार कसं? काकासाहेबांनी धोतर सावरलं आणि लंगडा बैल कसा चालतो अन् चांगला बैल कसा चालतो, हे बाजाराच्या मधोमध स्वतः चालून दाखवलं. लंगडा बैल त्यांनी हुबेहूब उभा केला. चांगल्या बैलाच्या पाळीला पाय शेणावरून घसरला आणि उजवा खुबा मोडला. बैल विकला गेला.

हाडांच्या डॉक्टरनं एक्स-रे बघितला आणि म्हणाला, हाड बसवणं माझ्याकडं लागलं, पण त्याआधी भूलवाल्या मॅडम तुमच्याशी बोलतील. त्या बोलल्याशिवाय मी हत्यार हातात घेत नाही.

भूलवाल्या मॅडम म्हणजे डॉ. प्रियदर्शनी. वयानं शीतलपेक्षाही लहान, आवाज बारीक, आणि समोरचा बोलत असताना मधे न बोलण्याची विचित्र सवय. त्यांच्या खोलीत तीन खुर्च्या होत्या. एकीवर रामप्रसाद बसला, दुसरीवर त्याची थोरली बहीण नंदाबाई, कालच मंठ्याहून आलेली, आणि तिसरीवर धाकटा राजानंद, जो पुण्यात नोकरीला होता आणि रात्रभर प्रवासात हृदयविकारावर व्हिडिओ बघत आला होता. शीतल दारात उभी राहिली. तिला उभं राहायलाच बरं वाटत होतं. मागच्या खेपेला ती बसली होती आणि बोलली होती.

"काकांचं हृदय पावपट काम करतंय," प्रियदर्शनी म्हणाल्या. "छातीत विडीचा धूर साठलेला. ऑपरेशन नाही केलं तर ते खाटेवरून उठणार नाहीत. दुखत राहील, पाठीला जखमा होतील, छाती भरेल. केलं तर दुखणं जाईल, कदाचित काठी घेऊन चालतील. पण आत नेलेला माणूस तसाच बाहेर आणीन, असं मी म्हणणार नाही."

"म्हणा ना," नंदाबाई म्हणाली. "म्हणायला काय जातं?"

"आक्का, थांब," रामप्रसाद म्हणाला. "मॅडम, तुम्ही सगळं करा. जे जे लागंल ते करा. आमची ना न्हाई."

"तेच विचारायचंय. जे जे म्हणजे काय काय?" मॅडमनी टेबलावरचे दोन्ही हात एकमेकांवर ठेवले. "कमरेत इंजेक्शन देऊन जमतं का, ते आधी बघीन. नाही जमलं तर पूर्ण भूल आणि घशात नळी. टेबलावर भुलीमुळे रक्तदाब पडला, नाडी अडखळली, तर ती सावरणं माझं काम. तिथं मला अडवू नका. प्रश्न नंतरचा आहे. नळी निघालीच नाही, तर श्वासाच्या मशीनवर किती दिवस ठेवायचं? मूत्रपिंड बसलं तर डायलिसिस करायचं का? आयसीयूत हृदय आपणहून थांबलं तर छाती दाबायची का? हे आज शांतपणे ठरवलेलं बरं. त्या वेळी तुम्ही शांत नसाल, आणि मला वेळ नसेल."

मग तिघंही एकदम बोलायला लागले.

शीतलला पुढचं सगळं पाठ होतं. तिच्या सासूबाई, उषाबाई, अशाच नळी लावून पडल्या होत्या. काकासाहेब काचेबाहेर बसत, आत बघत, आणि जेवणाची वेळ झाली की जेवायला नकार देत. डॉक्टर रोज विचारत, काय करायचं? घाटूळ रोज सांगत, सगळं करा. शेवटी एका सकाळी शीतलच म्हणाली, आता पुरे करा, त्यांना सोडा. त्या दिवशी संध्याकाळी उषाबाई गेल्या. त्या तशाही जाणारच होत्या, पण तेरव्यापर्यंत अख्ख्या भावकीत एक गोष्ट पक्की झाली होती, की सासूची नळी सुनेनं काढायला लावली. नंदाबाई पुढं वर्षभर तिच्याशी बोलली नाही. बोलली ती थेट राखीला, आणि तेही "मीठ दे" एवढंच. तेव्हापासून शीतलनं ठरवलं होतं की हॉस्पिटलात आपलं तोंड चहा पिण्यापुरतं उघडायचं.

"पंधरा दिवस तरी ठेवा मशीनवर," रामप्रसाद म्हणत होता. "लोकायला दिसलं पाह्यजे की पोरायनं काही कसर ठेवली न्हाई."

"कोणते लोक?" राजानंद म्हणाला. "दादा, तुझे मतदार? तीन दिवसांच्या पुढं अर्थ नसतो. मी वाचलंय."

"तू वाचलंस. मी भोगलंय. आईच्या टायमाला तू कुठं होतास?"

"मी आलो होतो."

"तू माती द्यायला आल्तास."

नंदाबाईनं पदर डोळ्याला लावला. "रामा म्हणतो ते बराबर हाये. बापाला मशीनवरून उतरवायचं म्हणजे काय? पंधरा म्हणजे पंधरा."

"आक्का, पंधरा दिवसांनी गळ्याला भोक पाडून घरी दिलं, तर तुझ्याकडं मंठ्याला नेशील?" राजानंदनं विचारलं. "पाळीपाळीनं ठेवावं लागेल."

पदर खाली आला. नंदाबाईनं थोडा विचार केला. "दहा," ती म्हणाली.

शीतलला तिच्या लग्नातली मानपानाची बोलणी आठवली. तेव्हाही हेच लोक होते, फक्त आकडे भांड्यांचे होते. राजानंद पाचावर आला. रामप्रसाद बारावर. मग राजानंदच्या लक्षात आलं की पाच ठरले, तर पाचव्या दिवशी डॉक्टरांना 'थांबा' म्हणणारा माणूस कोण, हेही ठरणार, आणि शिकलेला म्हणून सगळे त्याच्याकडंच बघतायत. तो लगेच बारावर गेला. तोवर रामप्रसादला पीएनं फोन करून आयसीयूतली खाट रोज कितीला पडते ते सांगितलं होतं, आणि तो सातावर उतरला होता. दोघे भाऊ एकमेकांना वाटेत ओलांडून गेले. नंदाबाई आता कुणाच्या बाजूला बसायचं ते कळेना म्हणून गप्प झाली.

मर्यादा सगळ्यांनाच हवी होती. ती बोलून दाखवणारं तोंड तेवढं दुसऱ्याचं हवं होतं. तिघांनी एकाच वेळी दाराकडं बघितलं. शीतलनं थर्मास छातीशी धरला आणि जिन्याकडं बघत राहिली.

"काकांना विचारलंत?" प्रियदर्शनींनी विचारलं.

"काय?"

"हेच सगळं. त्यांना काय हवंय?"

"त्यांला माहीत न्हाई," नंदाबाई म्हणाली. "आम्ही सांगितलं, लचकलंय."

"खुबा मोडलाय आणि तुम्ही सांगितलं लचकलंय?"

"जोरात लचकलंय म्हणलं."

मॅडम उठल्या. त्या वॉर्डाकडं चालायला लागल्यावर तिघेही त्यांच्या मागून निघाले, आणि रामप्रसाद चालता चालता बजावत होता, की त्यांच्यासमोर असलं काही बोलू नका, म्हातारं माणूस हाय खाऊन जाईल.

म्हातारं माणूस खाटेवर पडून छताच्या पंख्याकडं बघत होतं. पाय वजनाला बांधलेला. टोपी डोक्यावर होती. ती काढायची नाही, असं त्यांनी नर्सला सांगितलं होतं, आणि नर्सनंही मग तो नाद सोडला होता. उशाशी त्यांची लाल दस्ती होती, बाजारात खांद्यावर असायचा तो मोठा रुमाल, घडी घातलेला.

"काका," प्रियदर्शनींनी स्टूल ओढलं. "तुमचा खुबा मोडलाय."

"ठावं हाये," काकासाहेब म्हणाले. "पडलो तवाच आवाज आल्ता. ह्यांनी लचकलंय म्हणलं, तवा मी म्हणलं, आसल. ह्यांला बरं वाटत आसल तर लचकू द्या."

घरात पोटची पोरंसुद्धा त्यांना काकाच म्हणत. रामप्रसाद पुढं सरकला. "काका, तुम्ही टेन्शन घेऊ नका, डॉक्टर बघून राह्यले..."

"तू गप. बाई बोलून राह्यल्या."

मॅडमनी सगळं सांगितलं. हृदय, छाती, नळी, मशीन, दिवस. सांगताना त्यांनी आवाज खाली नेला नाही आणि गोडही केला नाही. काकासाहेब ऐकत होते. बैलाचे दात बघताना ते असेच बघत, असं शीतलला वाटलं, तोंडावर काहीच न दाखवता.

"छातीचं उघड सांगतो," ते शेवटी म्हणाले. "टेबलावर तुमच्या औषधानं थांबली, तर तुमची तुम्ही चालू करा. ते तुमच्या कामात मोडतं. मागून आपसूक थांबली, तर हात लावायचा न्हाई. बरगड्या मोडून घेऊन कुठं जायचंय मला? आन ते रगत धुवायचं बी नको."

"काका," रामप्रसादचा आवाज कापरा झाला, आणि तो खरंच कापरा झाला होता, हे शीतलला कळलं. "असं कसं म्हणता? लोक म्हणतील..."

"लोकायला मी वर जाऊन सांगत न्हाई. ऱ्हायलं मशीनचं." काकासाहेबांनी मान वळवली. "गयास कुठं हाये?"

गयासोद्दीन सकाळपासून खाली गाड्यांच्या स्टँडजवळ बसून होता. काकासाहेबांच्या सोबतीनं त्यानं तीर्थपुरीपासून मंठ्यापर्यंतचे सगळे बाजार केले होते. काकासाहेबांचे बैल आणि गयासोद्दीनची दलाली. काकासाहेबांना रिक्षातून त्यानंच हॉस्पिटलला आणलं होतं, पण भेटायचे पास रामप्रसादच्या कार्यकर्त्यांनी घेतले होते, म्हणून त्याला कुणी वर सोडलं नव्हतं. शीतल खाली जाऊन त्याला घेऊन आली.

"काय काकासाब," तो खाटेजवळ येऊन म्हणाला, "बैल विकला आन तुम्हीच लंगडे झाले."

"सौदा मोडला तर न्हाई ना?"

"काकासाबचा सौदा आजपर्यंत कधी परत आला का? मंठ्याचं गिऱ्हाईक गेलं बैल घेऊन. खुश होतं बिलकुल."

"मंग बस. ह्या बाईला दस्तीखालचं शिकव."

बैलाच्या बाजारात भाव तोंडानं होत नाही. घेणारा आणि देणारा एका दस्तीखाली हात घालतात आणि बोटं दाबून बोलतात. भोवती पन्नास माणसं उभी असली तरी आकडा दोघांतच राहतो. गयासोद्दीननं डॉक्टरीणबाईंना ते सांगितलं. जितकी बोटं दाबली तितके दिवस. तळहातावर नख ओढलं तर मंजूर नाही. मूठ आवळली की झालं, मग माघार नाही.

"पण काका, आकडा मला तोंडी सांगितला तरी चालेल," प्रियदर्शनी म्हणाल्या.

"तुम्हाला चालंल, बाई. मला न्हाई चालत. हे तिघं बघा." काकासाहेबांनी हनुवटीनं पोरांकडं खूण केली. "आकडा उघडा पडला की दुसऱ्या दिवशी त्याच्यावर बोली लागंल. रामा वाढवंल, राजा कमी करंल, आन नंदा रडंल. उषाच्या टायमाला मी बघितलंय. बाजार असा व्हत न्हाई."

प्रियदर्शनींनी हातातलं घड्याळ काढून खिशात टाकलं. काकासाहेबांनी दस्ती झटकली, मॅडमच्या हातावर टाकली आणि खाली आपला हात घातला.

घाटूळ कुटुंब खाटेभोवती उभं राहिलं. समोरच्या खाटेवरच्या पेशंटचे नातेवाईकही उठून आले. लाल दस्ती हलली, थांबली, परत हलली. डॉक्टरीणबाईंच्या भुवया वर गेल्या.

"इतक्या कमी वेळात मला काही कळणारच नाही, काका. सुधारतोय की..."

"बाई, तोंड बंद. बाजार ऐकून राह्यला."

"सॉरी."

दस्ती पुन्हा हलली. या वेळी डॉक्टरीणबाईंनी दाबलं असावं, कारण काकासाहेबांच्या कपाळावर तीच आठी आली, जी गिऱ्हाईक फार खाली उतरलं की येत असे. नख ओढल्याचं दिसलं नाही, पण मॅडमनी हात किंचित मागं घेतला. गयासोद्दीन डोळे मिटून उभा होता. दुसऱ्याच्या सौद्याकडं बघायचं नसतं. नंदाबाई मात्र वाकून दस्तीच्या कडेखालून काही दिसतं का बघत होती.

"आक्का," राजानंद दबक्या आवाजात म्हणाला.

"टाचणी पडली का बघते," नंदाबाई म्हणाली.

मॅडम थांबल्या. त्यांनी काकासाहेबांच्या तोंडाकडं बघितलं, बराच वेळ. मग दस्तीखाली एक मूठ आवळली गेली, आणि थोड्या वेळानं दुसरी.

"झालं," काकासाहेब म्हणाले. ते दमले होते. श्वास वर आला होता, आणि नर्सनं ऑक्सिजनची नळी नाकात सरळ केली.

"मी फाइलमध्ये लिहून ठेवते," प्रियदर्शनी म्हणाल्या. "पण काका, माझी ड्यूटी बदलते. मी नसेन तेव्हा घरचं एक माणूस लागेल. तो आकडा माहीत असलेलं, आणि वेळ आली तर तुमच्या वतीनं बोलणारं."

रामप्रसाद थोरला मुलगा होता. तो अर्धं पाऊल पुढं आला आणि तिथंच थांबला. राजानंदला एकदम फोनवर काहीतरी बघायचं होतं. नंदाबाई म्हणाली, माझं बीपी चढतं.

"शीतल," काकासाहेब म्हणाले. "हात आण."

शीतल जागची हलली नाही.

"काका, ती सून हाये," नंदाबाई म्हणाली. "सुनेचा हात कुठं धरतात? बघणारे काय म्हणतील?"

काल सकाळपासून काकासाहेबांचं बेडपॅन शीतलच देत होती, आणि ते बघणाऱ्यांनी काही म्हटलं नव्हतं. पण हे शीतल बोलली नाही. ती वेगळंच बोलली.

"मामा, मला नका सांगू. मागच्या टायमाला मी बोलले तर..."

"तर हिनं आईला..." नंदाबाईनं वाक्य उचललं आणि मधेच सोडून दिलं.

"पुरं कर नंदा, वाक्य पुरं कर," काकासाहेब म्हणाले. नंदाबाईनं केलं नाही. "उषाला सोडा म्हून ही म्हणाली. मी काचेबाहेर बसून आठ दिवस तेच म्हणायची हिंमत गोळा करून राह्यलो होतो. हिनं म्हणलं, आन मी गप बसलो. सगळ्यांनी हिच्यावर घातलं, तवाबी मी गप बसलो. बरं पडलं मला बी." ते थांबले, खोकले. "हात आण, पोरी. ह्या टायमाला बोलणं माझं हाये. तू नुसतं सांगायचंस."

गयासोद्दीननं दस्ती सरकवून जागा केली. शीतलनं थर्मास खाटेवर ठेवला आणि हात आत घातला. म्हाताऱ्याचा हात थंड होता, कोरडा, आणि अजून एवढा जोरकस, की तिला नवल वाटलं. त्यांनी तिचं एक बोट दाबलं. मग दुसरं. मग तिच्या मुठीवर आपली मूठ आवळली.

दोन.

सगळ्यांना मोकळं करून म्हाताऱ्यानं ओझं पुन्हा बरोबर आपल्याच हातात दिलं, असं शीतलला वाटलं. मग असंही वाटलं, की या वेळी ते दिलं तरी. मागच्या वेळी नुसतंच पडलं होतं. तिनं मूठ परत आवळली.

ऑपरेशन दुपारी होतं. काकासाहेबांना आत नेल्यावर घाटूळ बाहेरच्या बाकावर बसले, आणि शीतलचं आयुष्य अचानक सुखाचं झालं. नंदाबाईनं स्वतः खाली जाऊन तिच्यासाठी चहा आणला. वर बिस्किटं.

"पाच तरी हायेत ना ग?" तिनं बशी पुढं करत विचारलं.

शीतलनं बिस्किट घेतलं.

"न्हाई, मला सांगू नको. नुसतं हो म्हण. पाचाच्या वर आसतील तर डावा डोळा झाक."

"आक्का, चहा गोड झालाय," शीतल म्हणाली.

राजानंद आला तो शास्त्र घेऊन. अशा बाबतीत माहिती कुटुंबात वाटून घेणं मानसिकदृष्ट्या चांगलं असतं, असं तो म्हणाला. त्याच्या शेजारच्या टेबलावर नर्सनं काकासाहेबांची फाइल ठेवली होती, मॅडमच्या हस्ताक्षरातला कागद वरच. रस्त्यावरची पाटीसुद्धा न वाचता पुढं न जाणाऱ्या राजानंदनं ती फाइल कोपरानं हळूच बाजूला सरकवली. रामप्रसादही दोनदा तिच्याजवळून गेला. कुणी उघडली नाही.

शेवटी रामप्रसाद बायकोशेजारी येऊन बसला. फोन खिशात होता, ही मोठी गोष्ट होती.

"शीतल, मला नवरा म्हून तरी सांग."

"सांगते," शीतल म्हणाली. "पण मंग वेळ आली तर डॉक्टरला तुम्ही सांगायचं."

रामप्रसाद समोरच्या भिंतीकडं बघत राहिला. तिथं हात धुण्याच्या पद्धतीचं चित्र होतं. ते त्यानं पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं.

"काकांनी तुला सांगितलं ना," तो म्हणाला. "मंग ऱ्हाऊ दे. त्यांच्या शब्दाच्या बाहेर आपण कसं जायचं?"

थोड्या वेळानं जांब समर्थहून एका आत्याचा फोन आला, तेव्हा तो तिला सांगत होता, की काकांनी स्वतः, डॉक्टरच्या हातात हात घालून, सगळं ठरवलं, आणि आम्ही तिघांनी त्यांच्या इच्छेला मान दिला. त्याचा आवाज पुन्हा सभेतला झाला होता. छाती मोकळी झाली होती. नंदाबाईही दुसऱ्या फोनवर हेच सांगत होती, फक्त तिच्या सांगण्यात ती दस्ती तिनंच दिली होती. शीतलचं नाव कुणाच्याच सांगण्यात नव्हतं. या खेपेला तिला ते बरं वाटलं.

ती उठून दाराच्या काचेशी गेली. आतलं काही दिसत नव्हतं, हिरवा पडदा होता. तिनं पदराखाली स्वतःचीच दोन बोटं दाबून बघितली. दोन दिवसांनी इथं उभं राहून 'थांबा' म्हणायचं. कसं म्हणायचं, ते तिनं मनात म्हणून बघितलं. एकदा जमलं नाही. दुसऱ्यांदा जमलं.

"होईल, बेटी," मागून गयासोद्दीन म्हणाला. त्याला आता पास मिळाला होता. "काकासाबचा हात बराबर माणसाच्या हातात गेला."

"चाचा, तुम्हाला कळला आकडा?"

"मी डोळे मिटले होते," गयासोद्दीन म्हणाला. मग जरा थांबून, "पण बोट दाबलं की त्याचं कोपर हलतं. साऱ्या जिंदगीत त्याला मी ते सांगितलं न्हाई."

पडदा सरकला आणि डॉ. प्रियदर्शनी टोपी काढत बाहेर आल्या. तिघं भावंडं बाकावरून एकदम उठली.

कमरेतलं इंजेक्शन पहिल्याच सुईत लागलं होतं. नळी घालावी लागली नाही. मशीन लागली नाही. रक्तदाब एकदा थोडा पडला आणि मॅडमनी तो उचलला. काकासाहेब सगळा वेळ जागे होते. पडद्यापलीकडून ठोकल्याचा आवाज आला, तेव्हा त्यांनी हाडांच्या डॉक्टरला विचारलं होतं, की नाल मारून राह्यले का, आणि मारत असाल तर खिळा तिरपा घाला.

"म्हणजे ते सगळं..." राजानंद म्हणाला. "ते मशीनचं, दिवसांचं..."

"लागलं नाही," प्रियदर्शनी म्हणाल्या. "पण हृदय तेच आहे. पुढं कधी छाती भरली, तर पुन्हा इथंच याल. ठरलेलं तसंच राहील, काकांनी स्वतः बदललं नाही तोवर." त्यांनी शीतलकडं बघितलं. शीतलनं मान हलवली.

नंदाबाई रडली, आणि या वेळी पदर खरंच ओला झाला. रामप्रसादनं पीएला फोन करून खिडकीजवळची खाट सोडून द्या म्हणून सांगितलं. पीए म्हणाला, कोणती खाट?

संध्याकाळी काकासाहेबांना वॉर्डात आणलं. टोपी परत डोक्यावर होती. त्यांनी आधी चहा मागितला, तो मिळाला नाही. मग त्यांनी पोरांना एकेक करून बघून घेतलं आणि शीतलकडं आल्यावर म्हणाले, "कुणाला सांगितलास?"

"न्हाई, मामा."

"विचारलं?"

"सगळ्यांनी."

काकासाहेब समाधानानं हसले. "दस्तीखाली झालेला सौदा कधी मोडत न्हाई. गयास, सांग हिला. माझा एक तरी सौदा परत आला का आजवर?"

गयासोद्दीन दारात उभा होता. त्याच्या कानाला फोन होता आणि तो बराच वेळ नुसता ऐकत होता. ऐकून झाल्यावर त्यानं फोन खिशात ठेवला, टोपी सारखी केली आणि खाटेच्या पायथ्याशी येऊन उभा राहिला.

"काय झालं?" काकासाहेबांनी विचारलं.

मंठ्याचं गिऱ्हाईक दुपारी तीर्थपुरीला येऊन पांढरा बैल काकासाहेबांच्या गोठ्यात बांधून गेलं होतं. बैल लंगडा होता.